‘मोत माउली’तलं ‘मोत’ म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय: वांद्र्याच्या टेकडीवर येशूची आई मरिया हिचं चर्च आहे; तिथल्या जत्रेला आजी ‘मोत माउलीची जत्रा’च म्हणते. घरी नवसाच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीची, पत्रिका छापायची आहे. पोरांचा आग्रह ‘माउंट मेरी’ लिहा असा. काकांच्या मते मोत म्हणजे मोती, आणि ‘माउली’ तर वारकऱ्यांची. मग लिहायचं काय?

आधी मोत्याचं बघू. ही व्युत्पत्ती कोळ्यांत चांगलीच रुळलेली आहे, आणि का ते उघड आहे. कोळ्याला स्वप्न पडलं आणि मग मरियेची मूर्ती समुद्रात तरंगताना सापडली, अशी आख्यायिका आहे. दर्यातून आलेली ती मोत्याची माय. गोड आहे, पण व्याकरण आड येतं. ‘मोती’ समासात गेला तरी आपली ‘ई’ सोडत नाही: मोतीचूर, मोतीबिंदू. विभक्ती लागली की ‘मोत्या’ होतो. नुसता ‘मोत’ मला मराठीत दुसरीकडे कुठे भेटलेला नाही.

माझं मत पोर्तुगीजच्या बाजूने. टेकडीवरच्या या मरियेचं पोर्तुगीज नाव ‘नोसा सेन्योरा दो मोंत’, डोंगरावरची आमची स्वामिनी. या ‘मोंत’मधला न ते ठसठशीत उच्चारत नाहीत, ‘ओ’च नाकातून काढतात. असं नाकातलं पोर्तुगीज मराठीत आलं की नाक हळूहळू मोकळं होतं. बेकरीतला पाव आणि बँकेचा लिलाव, दोन्ही शब्द पोर्तुगीज. जुन्या छपाईत ते पांव, लिलांव असे दिसतात. आता टिंबं गेली. ‘मोंत’चा ‘मोत’ त्याच वाटेने झाला असणार. हा सगळा पट्टा अठराव्या शतकापर्यंत पोर्तुगीजांकडे होता, इंग्रजांचं ‘माउंट’ नंतरचं. म्हणजे पोरं ज्याला शुद्ध नाव समजतात ते आजीच्या नावापेक्षा वयाने लहान आहे. आणि अर्थ तोच, डोंगर!

राहिली माउली. संस्कृत मातृ, प्राकृत माउ, त्याला लाडाचा ‘ली’. वारकरी ज्ञानेश्वरांना, एका पुरुषाला, माउली म्हणतात. वारीत तर पुढच्याला ‘माउली, जरा सरका’ म्हणतात. कोकणात मावली ही ग्रामदेवता आहे. एवढ्या घरांत वावरणारा शब्द एकाच घराचा कसा म्हणायचा? काकांनी ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी, जत्रा सुरू झाली की, चढावर जाऊन उभं राहावं. मेणाचे हात, पाय, घरं, तान्ही बाळं मांडून बसलेल्या बाया दिसतील. गुडघा दुखतो त्याने माउलीला वाहायला पाय घ्यायचा, भाड्याच्या खोलीला कंटाळला त्याने घर. घेणाऱ्यांत कपाळावर कुंकू असलेल्या कितीतरी. त्यांना ‘माउली’ हाक कुणाची, हा प्रश्न पडलेला मी तरी पाहिला नाही.

तेव्हा पत्रिकेवर ‘मोत माउली’ छापा. अनुस्वार नको, कंसात खुलासाही नको. ‘मावली’ लिहिलंत तरी चुकीचं नाही. पत्त्यात मात्र ‘माउंट मेरी’ राहू द्या. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला तेवढंच कळतं.