ब्लॅकबर्न रोव्हर्सचे पाठीराखे पुण्याच्या मालकांवर एवढे का चिडले आहेत? ब्रिटनचा नवा फुटबॉल नियामक त्यांना हटवू शकतो का?

तुम्ही विचारलंय की पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने, म्हणजे आपल्या ओळखीच्या व्यंकीजने, या क्लबमध्ये इतका पैसा ओतला, मग तिथले लोक त्यांना 'जा' म्हणून का ओरडतात? आणि सरकारी नियामक आल्यावर काही बदलेल का?

मी रोव्हर्सचा पाठीराखा आहे, त्यामुळे हे उत्तर तटस्थ नाही. तरी मालकांच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी सांगतो. अनुराधा देसाई आणि त्यांचे भाऊ व्यंकटेश व बालाजी राव यांच्या कुटुंबाने नोव्हेंबर २०१० मध्ये २.३ कोटी पौंडांना क्लब घेतला. तेव्हापासून तूट भरून काढायला त्यांनी २० कोटी पौंडांहून जास्त रक्कम घातली आहे. पैसे संपलेल्या क्लबचा कारभार बघायला जो प्रशासक नेमतात, त्याच्या ताब्यात हा क्लब एकदाही गेला नाही. शेफिल्ड वेन्सडे या दुसऱ्या क्लबच्या खेळाडूंचे पगार २०२५ मध्ये महिनोन्‌महिने रखडले, ऑक्टोबरात तिथे प्रशासक आले आणि नियमाप्रमाणे १२ गुण कापले गेले. ते पाहिल्यावर ही गोष्ट लहान म्हणता येत नाही.

म्हणजे राग कंजूषपणाचा नाही. समोर बसून उत्तर देणारं कोणी नाही, याचा आहे.

ब्लॅकबर्न हे लँकशरमधलं जुनं गिरण्यांचं गाव, सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं. १८८८ साली बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली, त्यातला हा एक. गावातच पोलादाच्या धंद्यात मोठे झालेले जॅक वॉकर यांनी १९९१ मध्ये क्लब हातात घेतला, केनी डाल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, ॲलन शिअररला घेतलं आणि १४ मे १९९५ रोजी रोव्हर्स प्रीमियर लीगचे विजेते झाले. शेवटचा सामना ते लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर २-१ हरले, पण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने १-१ बरोबरीत अडकवलं. रोव्हर्सच्या ईवुड पार्क या मैदानाबाहेर वॉकर यांचा पुतळा आहे. श्रीमंत मालक या गावाला नवा नव्हता. स्टँडमध्ये बसलेला मालक आणि न दिसणारा मालक यातला फरक म्हणूनच तिथे चटकन कळतो.

नव्या मालकांनी महिन्याभरात, डिसेंबर २०१० मध्ये, मॅनेजर सॅम ॲलर्डाइसला काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता, खाली जाण्याची भीती नव्हती. स्टीव्ह कीनला नेमलं आणि मे २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकल ॲपल्टन ६७. बर्गच्या भरपाईचं प्रकरण कोर्टात गेलं आणि क्लबला २२.५ लाख पौंड द्यावे लागले. क्लबचा युक्तिवाद काय होता? तीन वर्षांचा करार करायचा अधिकार आमच्याच व्यवस्थापकीय संचालकाला नव्हता. घर कोण चालवतंय हे घरच्यांनाच ठाऊक नसलं की असं होतं. २०१७ मध्ये संघ गोलफरकावर तिसऱ्या श्रेणीत घसरला. टोनी मोब्रेने वर्षभरात परत वर आणला, हे त्याचं श्रेय.

तेव्हापासून संघ वाईट नाही, आणि हेच जास्त लागतं. २०२२-२३ मध्ये प्लेऑफ, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये चढण्यासाठीची शेवटची फेरी, गोलफरकाने हुकला. २०२४-२५ मध्ये सातवा क्रमांक, दोन गुण कमी. त्या हंगामात फेब्रुवारीत संघ पाचवा असताना मॅनेजर जॉन युस्टस तळाशी झगडणाऱ्या डर्बीकडे निघून गेला. वरचा संघ सोडून माणूस खालच्या संघाकडे जातो, तेव्हा त्याला आत पुढचा रस्ता दिसत नसतो. त्याच्या आधी योन डाल टोमासनही खर्चाला पैसे नाहीत म्हणूनच वैतागून गेला होता. जानेवारी २०२३ मध्ये लुईस ओब्रायन आणि जानेवारी २०२४ मध्ये डंकन मॅग्वायर, असे दोन खेळाडू केवळ कागदपत्रांच्या घोळामुळे हातचे गेले. सलग दोन वर्षं, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या त्याच जानेवारीच्या मुदतीत (तिला 'खिडकी' म्हणतात), तीच चूक.

२०२५-२६ चा हंगाम तर तळाच्या आसपासच सुरू झाला. २० सप्टेंबर २०२५ ला इप्सविचविरुद्ध रोव्हर्स १-० ने पुढे होते, इप्सविचचा एक खेळाडू लाल कार्डावर बाहेर होता, आणि ८० व्या मिनिटाला मैदानात पाणी साचून चेंडू पुढे सरकेना म्हणून सामना थांबला. उरलेली दहा मिनिटं खेळवायची सोडून लीगने पूर्ण सामना ०-० पासून, अकरा विरुद्ध अकरा, पुन्हा खेळवायचं ठरवलं. मला हा निर्णय आजही अन्यायाचा वाटतो.

आता पैशाचं गणित, कारण पुण्यात बसून बघणाऱ्याला इथेच कोडं पडतं. दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, तीन वर्षांत मिळून ३.९ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नाही. कित्येक वर्षं या श्रेणीत क्लबांचा एकूण पगारखर्च उत्पन्नापेक्षाही जास्त राहिलेला आहे, म्हणजे तोटा हा इथला अपघात नाही, रीत आहे. त्यात प्रीमियर लीगमधून नुकत्याच खाली आलेल्या क्लबांना 'पॅराशूट' रक्कम मिळते: प्रीमियर लीगच्या क्लबांना टीव्हीच्या पैशातून जो समान वाटा मिळतो, त्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. पहिल्याच वर्षी हे ४ कोटी पौंडांच्या वर जातं. रोव्हर्ससारख्याला प्रीमियर लीगकडून वर्षाला मिळतात सुमारे ५० लाख. एकाच लीगमध्ये एवढी दरी असेल तर खालचा क्लब एकतर कर्जात जातो, नाहीतर पोरं विकतो.

रोव्हर्स पोरं विकतात. अकादमीत घडलेला ॲडम व्हॉर्टन २०२४ च्या सुरुवातीला १.८ कोटी पौंडांना क्रिस्टल पॅलेसला गेला. विकण्याला माझा विरोध नाही, या श्रेणीत तेच करावं लागतं. पण आलेला पैसा नवा खेळाडू आणायला न जाता भगदाड बुजवण्यात गेला. याचं एक टोक भारतात आहे. परदेशात पाठवलेल्या पैशाबाबत सक्तवसुली संचालनालयाची चौकशी लागली आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय रक्कम पाठवता येईना. परवानगी मिळाली तरी जेवढे पाठवायचे तेवढ्याच रकमेची बँक हमी द्यायची. म्हणजे क्लबला एक पौंड द्यायला मालकांना दोन पौंडांची तजवीज करावी लागली. इंग्लंडमधल्या पाठीराख्यांना हे नीट समजावून सांगणं मालकांचं काम होतं. ते झालं नाही.

सगळ्यात चुकीचा वाटतो तो महिला संघाबाबतचा निर्णय. २०२५ च्या उन्हाळ्यात महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला आणि तो थेट चौथ्या श्रेणीत गेला, कारण वरच्या श्रेणीच्या अटी पुऱ्या करायला खर्च करायचा नव्हता. महिला फुटबॉल आणि अकादमीवरचा खर्च त्या ३.९ कोटींच्या तोट्यात धरलाच जात नाही. म्हणजे हा संघ ठेवल्याने कुठल्याही नियमाचा भंग होणार नव्हता.

आता राजकारण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्लॅकबर्नहून गाडीने तासाच्या आत असलेल्या 'बरी' या गावाचा १८८५ चा क्लब लीगमधून हाकलला गेला. त्याच्या मालकाने तो आठ-नऊ महिन्यांपूर्वी एका पौंडाला घेतला होता. त्या डिसेंबरात निवडणूक झाली आणि तिथले दोन मतदारसंघ, बरी नॉर्थ १०५ मतांनी आणि बरी साउथ ४०२ मतांनी, हुजूर पक्षाकडे गेले. क्लब बुडाला म्हणून निकाल लागला असं मी म्हणणार नाही. पण इतक्या कमी मतांनी जागा पडतात तिथे बंद पडलेलं मैदान खासदाराला दुर्लक्षून चालत नाही, एवढं सगळ्या पक्षांना कळलं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये आपली वेगळी 'सुपर लीग' काढायचं बड्या क्लबांचं बंड झालं आणि हुजूर पक्षाच्याच खासदार ट्रेसी क्राउच यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल देऊन स्वतंत्र नियामकाची शिफारस केली. सुनाक सरकारने मार्च २०२४ मध्ये विधेयक आणलं, निवडणूक लागल्याने ते बारगळलं. लेबरने पुन्हा आणलं आणि २१ जुलै २०२५ ला कायदा झाला.

हुजूर पक्षाने विरोधी बाकांवर गेल्यावर स्वतःच मांडलेल्या कल्पनेला विरोध केला. हे मला पटलेलं नाही. दुसरीकडे नियामकाचे अध्यक्ष डेव्हिड कोगन यांनी मंत्री लिसा नँडी यांच्या २०२० च्या पक्षनेतेपदाच्या प्रचाराला देणगी दिली होती, ती नँडी यांनी वेळेत जाहीर केली नाही आणि नियुक्तीचे नियम मोडल्याचा ठपका त्यांच्यावर आला. रक्कम २,९०० पौंड, किरकोळ. पण जे खातं क्लबमालकांकडून पारदर्शकता मागणार, त्याची सुरुवात अशी व्हायला नको होती.

ब्लॅकबर्नची जागा १९४५ पासून लेबरची. आधी बार्बरा कासल, मग १९७९ ते २०१५ जॅक स्ट्रॉ, जे स्वतः रोव्हर्सचे पाठीराखे आणि गावात चौकात पेटीवर उभं राहून लोकांचे प्रश्न घेणारे. २०२४ मध्ये ती जागा १३२ मतांनी अपक्ष अदनान हुसेन यांच्याकडे गेली. गाझावरची लेबरची भूमिका हे उघड कारण. भारत-पाकिस्तानातून आलेल्या मुस्लिम कुटुंबांची तिथे मोठी वस्ती आहे. मला त्याखाली आणखी एक थर दिसतो: इथली माणसं कुठे जाणार नाहीत, असं पक्षाने गृहीत धरलं होतं. मालकांनीही पाठीराख्यांना तसंच गृहीत धरलं. मतदाराला निदान मतपेटी आहे. पाठीराख्याला क्लब बदलता येत नाही.

मग नियामक काय करू शकेल? वरच्या पाच श्रेणींतल्या ११६ क्लबांना परवाना घ्यावा लागेल. पैशाची सोय दाखवावी लागेल. मैदान विकायला किंवा गहाण ठेवायला नियामकाची संमती लागेल, बोधचिन्ह आणि घरच्या जर्सीचे रंग पाठीराख्यांना विचारल्याशिवाय बदलता येणार नाहीत. आधीपासूनच्या मालकाबद्दल ठोस शंका असेल तर त्याची पात्रता तपासून हिस्सा विकायलाही लावता येईल. पण संघ वाईट खेळतो, मालक सामन्याला येत नाहीत, मॅनेजर टिकत नाही, ही कारणं त्यात बसत नाहीत. म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: आज ज्या कारणांनी लोक चिडलेत, त्या कारणांनी व्यंकीजला कोणी हटवणार नाही. भारतातून पैसा येण्याची हमी किती पक्की आहे, हा प्रश्न मात्र परवान्याच्या कक्षेत येतो आणि तिथेच जोर लावायला हवा.

सामन्यांवर बहिष्कार टाका म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शेफिल्डमध्ये तो लागू पडला, कारण तिथल्या मालकाकडची रोकडच संपली होती. रोव्हर्सची तूट पुण्याहून भरली जाते, त्यामुळे रिकाम्या खुर्च्यांनी मालक अडत नाहीत, पुढच्या वर्षीचं उत्पन्न तेवढं घटतं आणि आणखी एक खेळाडू विकला जातो.

त्याऐवजी कागद गोळा करावेत. ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या साइटवर क्लबचे आणि वरच्या व्यंकीज लंडन लिमिटेड या कंपनीचे हिशेब फुकट मिळतात. नफा-तोट्याच्या आकड्यावर थांबू नका. 'गोइंग कन्सर्न'ची टीप वाचा, म्हणजे येत्या बारा महिन्यांचा खर्च कोणाच्या भरवशावर आहे ते कळतं, आणि 'चार्जेस'मध्ये काय गहाण आहे ते पाहा. नियामकाला लिहायचं तर 'मालक हटवा' असं नको, पानाचा क्रमांक देऊन नेमका प्रश्न हवा.

दुसरं, मैदान. २०११ च्या 'लोकॅलिझम ॲक्ट' या कायद्याखाली कौन्सिलकडे मैदानाची 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून नोंद मागता येते. मतदारयादीतल्या २१ जणांच्या सह्या असलेला साधा गटही अर्ज करू शकतो. कौन्सिलला आठ आठवड्यांत निर्णय द्यावा लागतो आणि नोंद पाच वर्षं टिकते. मालकाला विकायचं झालं तर आधी कळवावं लागतं. मग सहा आठवड्यांत पाठीराख्यांच्या संस्थेने रस दाखवला, तर एकूण सहा महिने विक्री थांबते. अर्ज बहुधा दोन ठिकाणी अडखळतो: जागेची हद्द दाखवणारा नकाशा नीट जोडलेला नसतो, किंवा लोक तिथे सामन्यापलीकडे काय करतात ते लिहिलेलं नसतं. पाच वर्षं झाल्यावर पुन्हा अर्ज करायला विसरणं ही तिसरी चूक.

पुण्यातून काय करता येईल, असंही तुम्ही विचारलंय. व्यंकीज (इंडिया) चे शेअर घेऊन वार्षिक सभेत प्रश्न विचारावा, असं काहींना सुचतं. पण क्लब त्या शेअर बाजारातल्या कंपनीचा नाही. तो लंडनच्या कंपनीमार्फत खासगी व्यंकटेश्वरा हॅचरीजकडे आहे, त्यामुळे त्या सभेत हाती काही लागणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या या प्रकरणातल्या तारखा आणि आदेश मात्र सगळ्यांना पाहता येतात. ते वाचून, कायद्याची भाषा सोडवून ब्लॅकबर्नच्या पाठीराख्यांपर्यंत पोचवणारं कोणी हवंच आहे. जानेवारीची खिडकी उघडण्याआधी पैसे सुटले की नाही, हे त्यांना क्लबकडून कळण्याआधी त्या आदेशातून कळू शकतं.