एफ वाजतो, पण साथीला घसरतो

प्रश्न : तीन वर्षं गिटार वाजवतोय. कॉर्ड्स येतात, तरी एफ कॉर्ड घरघरतो. मित्र कहोनवर (पेटीसारखं तालवाद्य) साथीला बसला की माझी लय सुटते. मी नेमका कुठे आहे? ग्रेडची परीक्षा देऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी एफ. तीच पकड पाचव्या पट्टीवर (फ्रेटवर) धरा, म्हणजे ए मेजर कॉर्ड. तिथे स्वच्छ वाजला तर बोटांना दोष देऊ नका. नटवर, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे, त्या उंच असण्याची शक्यता जास्त. दुरुस्तीवाल्याला दाखवा. तिथेही घरघर असेल तर तर्जनी थोडी कडेवर कलवून पट्टीच्या धातूला खेटून ठेवा. तिला खरं तर पहिली, दुसरी आणि सहावी तारच दाबायची असते, मधल्या तीन बाकीची बोटं सांभाळतात. सगळी ताकद लावून मनगट दुखवून घेणारे विद्यार्थी मला दर बॅचला भेटतात.

तुमचं खरं दुखणं लय आहे. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, पण त्याचा ठोका चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. गाणं १२० च्या लयीत चालेल. पहिली मात्रा तुमची तुम्हालाच सांभाळावी लागते, तिथेच पितळ उघडं पडतं. फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलंत तर स्वतःला पास करून टाकाल! कॉर्ड बदलताना उजवा हात थबकतो का, एवढंच तपासा. थबकत असेल तर डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून उजव्या हाताने फक्त स्ट्रमिंग करा, म्हणजे लयीत तारा छेडत राहा.

ट्रिनिटी कॉलेज लंडन या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या ग्रेड्स इनिशियलपासून आठपर्यंत आहेत. परीक्षा जरूर द्या, पण मित्राबरोबर एक गाणं न थांबता पार पडल्यावर.