भिंतीला लागून चालणारा उंदीर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

थिसिससाठी डायझेपाम (भीती-बेचैनी कमी करणारं औषध) आणि कॅफीन घेतलंस, आणि उंदरांच्या हिंडण्या-हुंगण्यावर त्यांचा काय परिणाम होतो ते पाहणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. फोनवर घाईत बोलण्यापेक्षा लिहूनच सांगतो.

तुझ्या आजोबांनी उंदराचा पिंजरा कधी खोलीच्या मधोमध ठेवलेला पाहिलास? नाही. कणगीमागे, भिंतीला लावूनच ठेवतात. उंदीर उघड्यावरून जायला भितो, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. तुझ्या ओपन फील्ड चाचणीचा पायाही तोच. १९३४ साली कॅल्विन हॉल यांनी मोकळ्या रिंगणात रॅट (मोठे उंदीर) सोडले आणि भीतीचं माप म्हणून त्यांच्या लेंड्या मोजल्या. तूही मोज. कॅमेरा अंतर सांगेल, लेंड्या नाही सांगणार.

आता खरी गोष्ट. उंदीर जास्त हिंडला म्हणजे त्याची उत्सुकता वाढली, असं एकदम लिहू नकोस. प्लस मेझ म्हणजे उंचावर ठेवलेली अधिकच्या चिन्हासारखी वाट, दोन फाटे उघडे (ओपन आर्म) आणि दोन भिंतींचे (क्लोज्ड आर्म). डायझेपामच्या लहान डोसवर तो तिच्या ओपन आर्ममध्ये जास्त वेळ राहतो, कारण त्याची भीती उतरलेली असते. डोस वाढवला की तोच उंदीर पेंगून बसतो. म्हणून क्लोज्ड आर्ममध्ये किती वेळा गेला तेही टिपायचं. तो आकडा घसरला तर औषधानं हातपायच जड केलेत असं समज. कॅफीनचं याच्या उलट आहे. बेताच्या डोसवर उंदीर भरपूर पळतो, पण डोस चढला की ओपन आर्म टाळतो, आणि फार चढला तर पळणंही कमी होतं. मॉर्फिन दिलेला माऊस (लहान उंदीर) शेपटी ताठ करून गोल गोल धावत राहतो, रॅट मात्र सुस्तावतो. अॅम्फेटामिन या उत्तेजक औषधाच्या मोठ्या डोसवर तर उंदीर एकाच जागी मान हलवत हुंगत राहतो. पळणं, हुंगणं सगळं आहे, पण नवीन जागा पाहणं कुठं आहे? हे नुसत्या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी शेजारी बसून पाहावं लागतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका मे महिन्यात ॲनिमल हाउसची वीज दुपारी गेली. बाहेर पारा ४५ अंशांवर. कंट्रोलचे, म्हणजे औषध न दिलेले, उंदीर सकाळीच तपासून झाले होते, औषधाचे राहिले होते. मी थांबायला हवं होतं, थांबलो नाही. ते कोपऱ्यात पसरून पडले आणि मी वहीत 'शामक परिणाम' लिहून मोकळा झालो. तो उन्हाचा परिणाम होता बेटा. सगळी बॅच पुन्हा करावी लागली. ते जीव फुकट गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा दर तासाला प्रत्येक ग्रुपमधला एकेक उंदीर घे. सिरिंजवर खुणा मैत्रिणीला करायला सांग, कोणात काय आहे ते तुला कळता कामा नये. एक उंदीर प्लस मेझवर एकदाच. दुसऱ्यांदा चढवला तर डायझेपामचा असर दिसेनासा होतो. प्रत्येकानंतर फरशी अल्कोहोलनं पूस, आधीच्याचा वास राहू देऊ नकोस. एथिक्स कमिटीची परवानगी हातात आल्याशिवाय एकाही उंदराला हात लावू नकोस, गाईड कितीही घाई करोत.

आणि औषध देण्याआधी आठवडाभर नुसतं बघ. साधा, बिनऔषधी उंदीर नव्या जागेत आधी कुठं थबकतो, मिशा कशा हलवतो, मागच्या पायांवर कधी उभा राहतो.

तुरी सोंगून झाल्या की मी घरीच असतो. पहिल्या दहा उंदरांची वही घेऊन ये. आकडे मागून पाहू, आधी ते काय करत होते ते मला तोंडी सांग.

तुझा,
सर