बालवाडी न चालवणाऱ्या संस्थेला देणगी का द्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहान मुलांच्या शिक्षणासाठी देणगी द्यायची आहे. एक संस्था स्वतः बालवाड्या चालवते. दुसरी एकही बालवाडी चालवत नाही, नुसती सरकारदरबारी पाठपुरावा करते. मग दुसरीला पैसे देणं म्हणजे निवेदनं छापायला पैसे देणं नाही का?

माझं उत्तर: दुसरीला द्या, पण ती अंगणवाडीत उठबस असलेली हवी. मी अशाच एका छोट्या संस्थेत काम करते, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघड आहे. तेवढं वजा करून वाचा.

आधी आमच्या कामातली एक अगदी किरकोळ गोष्ट सांगते, म्हणजे 'पाठपुरावा' हे काय प्रकरण आहे ते कळेल. एका तालुक्यातल्या अंगणवाड्यांत आम्ही जायचो तेव्हा भिंती छान रंगवलेल्या दिसायच्या. कुठल्याशा कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, फळं, प्राणी, मुळाक्षरं काढलेली, कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह. लाकडी ठोकळे, मणी, चित्रकोडीही आलेली. पण सगळं लोखंडी कपाटात, कुलूप लावून, मूळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच. मुलं सतरंजीवर हाताची घडी घालून 'एक एक एक, दोन दोन दोन' म्हणतायत. आम्हाला आधी वाटलं, सेविकाताईंना प्रशिक्षण कमी पडतंय. एका ताईंनी मग कपाटातून जडवस्तू संग्रह नोंदवही काढून पुढ्यात ठेवली. प्रत्येक खेळणं त्यात नगाने चढवलेलं. तपासणीला ठोकळा कमी भरला तर भरपाई कोणी करायची? "मुलांच्या हातात दिलं की तुटणारच की हो," त्या म्हणाल्या. बरोबरच आहे. न तुटणारं खेळणं म्हणजे न खेळलेलं खेळणं.

यावर आणखी खेळणी देऊन उपयोग नव्हता, आणखी प्रशिक्षण देऊनही नव्हता. हवं होतं एक पानभर पत्र: खेळणी वापराने झिजतात, तुटतात, त्यांचं ठराविक काळाने निर्लेखन करावं म्हणजे ती नोंदवहीतून कमी करावीत, सेविकेकडून वसुली करू नये. ते पत्र निघायला किती खेटे पडले हे विचारू नका. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण उगाच नाही पडली. पर्यवेक्षिका म्हणायच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना विचारा, प्रकल्प अधिकारी म्हणायचे जिल्हा परिषदेतून आलं तर करू. शेवटी निघालं. पुढच्या फेरीत काही कपाटं उघडी दिसली. सगळी नाही. पण ज्या अंगणवाड्यांत आम्ही कधी पाऊलही ठेवलं नव्हतं तिथेही ते पत्र पोचलं होतं. स्वतःच्या दहा-वीस बालवाड्या चालवून हे साधलं नसतं.

याचा अर्थ बालवाड्या चालवणाऱ्यांचं काम दुय्यम, असं मुळीच नाही. चांगली बालवाडी कशी दिसते हे कोणीतरी आधी करून दाखवावं लागतं. आपल्याकडे ते ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी दाखवलं. 1926 साली गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर ताराबाईंचा नूतन बाल शिक्षण संघ, 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र आणि 1957 पासून डहाणू तालुक्यातलं कोसबाड. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. परदेशी महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आले. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राने एकात्मिक बाल विकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. पण 33 प्रकल्पांपासून देशभर पसरायला नुसता चांगला नमुना पुरला नाही.

इथे न्यायालयाचा भाग येतो, आणि तोच लोकांना कमी माहीत असतो. 2001 साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्कासाठी याचिका केली. गोदामं धान्याने भरलेली आणि लोक उपाशी, हा तिचा मूळ मुद्दा. त्याच खटल्यात 13 डिसेंबर 2006 ला आदेश झाला: डिसेंबर 2008 पर्यंत देशात किमान 14 लाख अंगणवाड्या सुरू करा, दलित-आदिवासी वस्त्यांना आधी द्या, आणि सहा वर्षांखालची 40 मुलं असलेल्या ज्या वस्तीत अंगणवाडी नाही तिने मागणी केली की तीन महिन्यांत ती मिळालीच पाहिजे. त्या वेळी निम्म्याच्या आसपासच केंद्रं चालू होती. आज जो सुमारे 14 लाखांचा आकडा सगळे सहज सांगतात, त्यामागे वस्त्यांची यादी करत, मुलं मोजत फिरलेले संस्थांचे आणि संघटनांचे लोक आहेत. त्यांचा फोटो कुठल्याच देणगीपत्रकावर नसतो.

तरी मोठं घोडं पुढेच अडलंय. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतला आहार हा हक्क म्हणून दिला. शिक्षणाचं तसं नाही. 2002 च्या 86व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयाला मूलभूत हक्क दिला. त्याआधीच्या वयासाठी कलम 45 मध्ये राज्य 'प्रयत्नशील राहील' इतकंच. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 11 मध्येही पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय सरकारने करावी हे ऐच्छिक. कायदा आयोगाने 2015 च्या 259व्या अहवालात हे बदलायला सांगितलं, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला. कागदावर विषय पुढे सरकला, हक्क मात्र अजून झालेला नाही.

अंगणवाडीत याचा परिणाम सरळ दिसतो. ज्याची नोंद आणि जाब आहे ते काम आधी होतं. ताजा आहार, वजन-उंची, लसीकरणाचा दिवस, टीएचआरचं म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं वाटप, पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर माहितीचा भरणा. गाणी-गोष्टी-खेळाचा वेळ या सगळ्यातून उरला तर. मदतनीस रजेवर असेल तर सेविकाच खिचडी ढवळते आणि दुसऱ्या हातात मोबाइल. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते, आठवतं का? जुने, कमी क्षमतेचे फोन आणि इंग्रजीतलं अ‍ॅप. बातम्यांत ते 'आंदोलन' म्हणून आलं, पण माझ्या मते ती शिक्षणाच्या गुणवत्तेचीच मागणी होती. राज्याचा 'आकार' अभ्यासक्रम चांगला आहे, मी तो वर्गात चाललेला पाहिला आहे. तो चालवायला सेविकेला रोजचे सलग दीड-दोन तास मिळाले पाहिजेत.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांशी माझं इथेच वाजतं. बऱ्याच संस्था 'गुणवत्ता' म्हणतात आणि मानधनाचा विषय निघाला की तो युनियनचा प्रश्न म्हणून बाजूला सरकवतात. सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये सांगितलं, तरी डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीसांना संपावर जावंच लागलं. त्या संपात किती 'बालशिक्षणवाल्या' संस्था उघडपणे त्यांच्या बाजूने बोलल्या, हे देणगी देण्याआधी जरूर विचारा.

तीन वर्षांखालच्या मुलांचं तर आणखी कठीण. मोबाइल क्रेशेस ही संस्था 1969 साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी सुरू केली, बांधकामावर आयांच्या मागे धुळीत पडलेली बाळं पाहून. पुढे मुंबईतही बांधकामांवर पाळणाघरं निघाली. 1989 मध्ये फोर्सेस नावाचं, लहान मुलांच्या संगोपनासाठी झटणाऱ्या संस्थांचं व्यासपीठ उभं राहिलं आणि पाळणाघराचा प्रश्न दयेचा न राहता कामगार बाईच्या हक्काचा म्हणून मांडला जाऊ लागला. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण अट 50 पेक्षा जास्त स्त्री कामगारांची. जोडीची मजुरी नवऱ्याच्या नावावर लागली की बाई हजेरीपटावरच नाही, मग 50 भरायच्या कुठून? ऊसतोडीच्या कोयत्याचं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचंही तेच: उचल म्हणजे आगाऊ रक्कम जोडीला मिळते, आणि तान्हं बाळ थोरल्या बहिणीच्या कडेवर. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत पाळणाघर आलं ते 50 किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांसाठी. या बायकांपर्यंत ते पोचत नाही.

आता देणगीबद्दल. पाठपुराव्याच्या नावाखाली हॉटेलात परिषदा भरवणाऱ्या, गुळगुळीत कागदावर इंग्रजी अहवाल काढणाऱ्या संस्थाही आहेत. त्या ओळखायला फार लागत नाही. त्यांना विचारा, गेल्या वर्षी तुमच्या पाठपुराव्याने कुठलं पत्र, परिपत्रक, आदेश किंवा अंदाजपत्रकातली तरतूद बदलली, आणि ते अंमलात आलं का ते बघायला कोण गेलं होतं. उत्तरात 'जनजागृती झाली', 'संवेदनशीलता वाढली' असलं काही आलं तर पाकीट खिशातच ठेवा. उलट कोणी म्हणालं की दोन वर्षं झाली, अजून पत्र निघालेलं नाही, पण फाइल अमुक टेबलावर आहे, तर त्या माणसाशी बोलत राहा. लेखापरीक्षण अहवालात पगार आणि प्रवासखर्च जास्त दिसला म्हणून बिचकू नका. या कामात माणूस आणि एसटीचं तिकीट हाच खर्च असतो. म्हणूनच त्याला कंपन्यांचे पैसे मिळत नाहीत. रंगवलेल्या भिंतीचं उद्घाटन करता येतं, परिपत्रकाचं नाही. तुमच्यासारख्या एकट्यादुकट्या देणगीदाराचे पाच हजारही तिथे जास्त कामाला येतात. आयकर सवलतीची (80जी) पावती दोन्हीकडे मिळू शकते, फक्त संस्थेची त्यासाठीची नोंदणी चालू आहे का बघून घ्या.

आणि जमलं तर देण्याआधी तुमच्या घराजवळची अंगणवाडी सकाळी अकराच्या सुमारास बघून या. शहरात असाल तर ती बहुधा एखाद्या चाळीतल्या किंवा झोपडपट्टीतल्या भाड्याच्या खोलीत असेल. ताईंना आगाऊ विचारून जा, बिस्किटांचे पुडे नेऊ नका. खेळण्यांचं कपाट उघडं आहे का, एवढं बघा.