ओव्हरटाइम रद्द झाल्याचं त्यांना कोण सांगतं?

प्रश्न : ताई, नमस्कार. चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी एचआर बघतो. गेल्या वर्षी पॅकिंगला तीन कर्णबधिर मुलं घेतली. काम चोख. दिव्यांग दिनाला त्यांचा सत्कारही केला. एकदा ओव्हरटाइम रद्द झाल्याचं त्यांना कळलं नाही आणि कंपनीची बस निघून गेली. तेवढं सोडलं तर तक्रार नव्हती. तरी दोघं सोडून गेले. ‘घरची अडचण’ एवढंच लिहून दिलं. आमचं काय कमी पडलं?
– एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : ‘तेवढं’ सोडू नका, सगळं तिथेच आहे. पाळी सुरू होताना सुपरवायझर सगळ्यांना गोळा करून बोलतो : आज कुठला माल, तेल कुठे सांडलंय, कुणाला थांबायचंय. त्यातलं या मुलांपर्यंत किती पोचतं? शेजाऱ्याने खूण केली की निघायचं, हात दाखवला की थांबायचं. रोज असं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत काम करण्याचा शीण फार असतो. कामगार अधिकारी म्हणून मी हे जवळून पाहिलंय.

‘लिहून दाखवतो की,’ असं म्हणाल. पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची मुख्य भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते आणि तिचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं. फलकावरची लांबलचक सूचना त्यांना जड जाते. सूचना छोट्या वाक्यांत, चित्रासह द्या. खुणांचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर टाका. भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा लावा, यात तर चालढकल नकोच. सुरक्षेचं प्रशिक्षण, वार्षिक मूल्यमापन आणि चौकशी यांना दुभाषी हवाच. वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचं शिक्षण चालतं, तिथे विचारा.

आणि खुणा फक्त या मुलांनीच का कराव्यात? एका कारखान्यातला लाईन सुपरवायझर डबा खाताना तिथल्या कर्णबधिर मुलांत बसून खुणा शिकला. आधी चहा, सुट्टी, मशीन बंद, मग थट्टामस्करीही. त्याच्या भुवईवर व्रण होता. मुलांनी भुवईवर बोट ओढून त्याची नाव-खूण, म्हणजे खुणांच्या भाषेतलं नाव, ठरवली. तुमच्याकडे अशी नाव-खूण कुणाला मिळालीय का, हे बघा. मला सत्काराच्या फोटोपेक्षा त्यावरून जास्त कळेल.

यातलं काही उपकार म्हणून करायचं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, त्यात सोयी लिहाव्या लागतात, संपर्क अधिकारी नेमावा लागतो आणि धोरणाची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावी लागते. तुमचं धोरण आहे का? असल्यास तिसऱ्या मुलाला ते कुणी समजावलंय?

त्याच्याशी याच आठवड्यात बोला. दुभाषी सोबत घ्या, सुपरवायझरला बाहेर ठेवा. ‘त्रास काय’ एवढ्यावर थांबू नका. लाईन लीडर व्हायला आवडेल का, तेही विचारा, कारण पॅकिंगच्या पुढे रस्ता दिसत नसेल तर कुणीही जाईल. गेलेल्या दोघांनाही दुभाष्यासह व्हिडिओ कॉल करा. ‘घरची अडचण’ हे शब्द कागदावर लिहायला सोपे होते. खुणांच्या भाषेत ते बरंच काही सांगतील.