व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक या पीसीवरच्या गोळीबाराच्या गेम्सच्या मोठ्या स्पर्धा वर्षात कधी असतात, बक्षीस किती असतं? नागपुरात राहून याकडे करिअर म्हणून बघावं का?

२०२४ चंच वर्ष घे. व्हॅलोरंटचं पहिलं मास्टर्स (आंतरराष्ट्रीय स्पर्धा) मार्चमध्ये माद्रिदला, दुसरं मे-जूनमध्ये शांघायला आणि ऑगस्टमध्ये सोलला चॅम्पियन्स, म्हणजे वर्षाची सर्वात मोठी स्पर्धा. तिथं एकूण साडेबावीस लाख डॉलर होते, त्यातले १० लाख विजेत्या ईडीजी संघाला. काउंटर-स्ट्राइकच्या मेजर, म्हणजे सर्वात मोठ्या स्पर्धा, वर्षाला दोन: मार्चमध्ये कोपनहेगन, डिसेंबरमध्ये शांघाय, प्रत्येकी साडेबारा लाख डॉलर. कोपनहेगनला विजेत्या नावी संघानं ५ लाख डॉलर नेले. पण हा आकडा एका पोराचा नसतो रे! पाच खेळाडू, प्रशिक्षक, अनेकदा संघाची मालक संस्थाही वाटेकरी असते. घर चालतं ते पगारावर.

म्हणून धरमपेठेतल्या गेमिंग कॅफेत बसून थेट मेजरची स्वप्नं रंगवण्यापेक्षा आधी बीजीएमआय या मोबाइल गेमची बीजीआयएस ही भारतातली स्पर्धा बघ. २०२४ ला त्यात एकूण २ कोटी रुपये होते, आणि खेळायला महागडा पीसी लागत नाही, फोन पुरतो. ऑनलाइन फेऱ्यांची नोंदणी कधी उघडते यावर मात्र डोळा ठेव. कॉलेजची परीक्षा त्याच आठवड्यात आली तर परीक्षाच दे, हे मी अगदी मनापासून सांगतो.