शाकाहारी, व्हीगन की लो-कार्ब: वजन आणि तब्येतीसाठी नेमकं काय बरं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जन्मापासून शाकाहारी, वय ४१, वजन ६८ किलो, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१. ऑफिसातल्या मैत्रिणीचं लो-कार्बने, म्हणजे पोळी-भात-साखरेतली कर्बोदकं कमी करून, महिन्यात पाच किलो उतरलं. इंग्लंडमधली भाची म्हणते, दूधही सोड आणि व्हीगन हो. मिस्टर मधुमेहाच्या गोळ्या घेतात, त्यांनाही सोबत करायचंय. तर ऐकायचं कुणाचं?

मी आहारतज्ज्ञ आहे, हा प्रश्न या ना त्या रूपात रोजच समोर येतो. माझं मत आधीच सांगून टाकते. आहाराच्या नावावरून ताटातून काय काढलं तेवढंच कळतं, आणि वजन, साखर, कोलेस्टेरॉल ठरतं ते त्या जागी काय वाढलं त्यावर.

आधी मैत्रिणीचे पाच किलो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पोळी-भात बंद केला की पहिल्या आठवड्यात हा साठा बराच रिकामा होतो, पाणी निघून जातं आणि काटा झरझर खाली येतो. चरबीही उतरते, पण त्या वेगाने नाही. म्हणून महिन्याचा हिशोब मी धरतच नाही, वर्षाचा धरते. तोही झालेला आहे. स्टॅनफर्डला ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग केला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लो-कार्ब, निम्म्यांना लो-फॅट. वर्षाअखेर सरासरी घट अनुक्रमे ६ आणि ५.३ किलो, म्हणजे फरक जवळपास नाहीच. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: दोन्ही गटांत कुणाचं ३० किलोच्या आसपास उतरलं, तर कुणाचं १० किलोपर्यंत वाढलं. दोन्ही गटांना साखर-मैदा सोडा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी शिजवा, हे एकसारखंच सांगितलं होतं.

आता भाचीचं. परदेशातले शाकाहारी, व्हीगन लोक सरासरीने बारीक असतात हे खरं आहे. अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट पंथीयांच्या पाहणीत व्हीगन लोकांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सरासरी २३.६ आणि मांसाहाऱ्यांचा २८.८ निघाला. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड पाहणीत शाकाहाऱ्यांमध्ये हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच पाहणीत पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त दिसला आणि व्हीगन मंडळींत हाडं मोडण्याचं प्रमाण मांसाहाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त होतं, हे मात्र भाची सांगणार नाही. शिवाय तिकडे माणूस विचार करून शाकाहारी होतो, भाज्या-कडधान्यं वाढवतो. आपण जन्माने शाकाहारी. शिरा, साबुदाणा खिचडी, फरसाण, सगळं शाकाहारीच. बटाटेवडा तर चक्क व्हीगन आहे.

वजन बेताचं पण अंगात चरबी जास्त, हा आपल्या लोकांचा घोळ पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगापुढे मांडला. स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो त्यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! म्हणून वजनापेक्षा कंबर मोजा. आपल्याकडे बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

आणि बी-१२. ते कुठल्याच भाजीत, डाळीत नसतं. स्पिरुलिना या शेवाळातलं शरीराच्या कामाचं नाही. याज्ञिकांच्याच २००६ च्या अभ्यासात पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. त्यात तुम्ही दही-ताकही बंद करणार असाल तर गोळी कायमची घ्यावी लागेल, त्यात तडजोड नाही. प्राण्यांसाठी म्हणून व्हीगन व्हायचं असेल तर जरूर व्हा, मी बी-१२ आणि कॅल्शियमचं गणित बसवून देते. फक्त वजनासाठी दूध सोडायचं कारण मला दिसत नाही.

आपल्या ताटाचा खरा प्रश्न वेगळाच आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या कॅलरींपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, तीही बहुतेक पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांतून. प्रथिनांचं काय? मी पेशंटना एकच गोष्ट करायला लावते: आज वरणाला घ्याल ती कोरडी तूरडाळ काट्यावर ठेवा. चार माणसांच्या घरात ती बहुतेक वेळा ८० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे माणशी २० ग्रॅम डाळ आणि तिच्यातून जेमतेम साडेचार ग्रॅम प्रथिनं. तुम्हाला दिवसाला ५५ तरी हवीत. “आम्ही रोज वरण खातो हो,” म्हणणाऱ्या बाईंचा चेहरा हे ऐकून पडतो.

अशा घरात लो-कार्ब कसं होतं तेही पाहते. पोळी गेली, तिच्या जागी बदाम-अक्रोड, बटरमध्ये परतलेलं पनीर, चारला चीज, रात्री क्रीमचं सूप. वजन उतरतं, साखरही उतरते, पण काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) असं चढतं की डॉक्टर मलाच फोन करतात. बद्धकोष्ठता वेगळीच.

६.१ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तुमच्या जागी मी शाकाहारीच राहीन आणि कर्बोदकांचा वाटा एकूण कॅलरींच्या निम्म्याच्या जवळ आणीन. बंद मुळीच करणार नाही. आधी घट्ट उसळ किंवा पिठलं आणि मोठी वाटी भाजी, मग एक पोळी किंवा लहान भाकरी. भात हवा तर पोळी नाही. नाश्त्याला मुगाचं धिरडं आणि दही. पोहेच हवेत तर पोहे कमी, मटार-शेंगदाणे जास्त. सोयाबीनच्या वड्या आठवड्यातून दोन-तीनदा. उपवासाला साबुदाणा नको, तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे; राजगिरा, दही, शेंगदाण्याची आमटी चालेल. भाजीच्या फोडणीचं तेल पळीने न ओतता चमच्याने मोजा. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात, म्हणजे फुलक्यापेक्षा जास्त.

किती वेळा खायचं यावर “दीक्षित की दिवेकर” म्हणून आपल्याकडे बरीच भांडणं झालीत: डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच खा, ऋजुता दिवेकर म्हणतात थोडं थोडं अनेकदा खा. माझ्या पाहण्यात, दोनदा जेवून ज्यांना फायदा झाला त्यांचं मधलं चहा-बिस्किट आणि चिवडा सुटला होता. तुम्हाला तीनदा जेवून तो सोडता येत असेल तर तीनदा जेवा.

मिस्टरांना मात्र उद्यापासून सोबत घेऊ नका. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना पोळी-भात एकदम कमी केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर कडक लो-कार्बवर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून आणीबाणी येऊ शकते, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेलीही नसते, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर त्याने बी-१२ आणखी घटतं, तेव्हा ती तपासणी दोघांचीही करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनंसुद्धा विचारूनच वाढवायची. त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, डोस बदलून घ्या आणि मग त्यांच्या ताटातली पोळी कमी करा.